मेलबर्नच्या चार रात्री आणि तुमची लांबलचक यादी

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. नाशिकहून पाठवलेलं तुमचं पत्र मिळालं. इतर वाचकांसाठी त्यातला मजकूर थोडक्यात सांगते. मार्चमध्ये तुम्ही दोघं ब्रिस्बेनला लेकीकडे जाणार आहात. लेक-जावई दोघंही नोकरीला, त्यांना रजा मिळत नाही, म्हणून मंगळवार ते शनिवार दोघांनीच मेलबर्नला जाऊन यायचं ठरवलंत. तुमचं वय 62, यजमानांचं 67. त्यांचे गुडघे दुखतात, तुम्हाला घाटात गाडी लागते, आणि दोघंही शाकाहारी. यजमानांनी केलेला कार्यक्रमही तुम्ही पाठवलात. मंगळवारी उतरल्या उतरल्या शहरदर्शन, बुधवारी ग्रेट ओशन रोड, गुरुवारी पफिंग बिलीची आगगाडी आणि लगेच फिलिप आयलंडचे पेंग्विन, शुक्रवारी यारा व्हॅली, संध्याकाळी सेंट किल्डाचा समुद्रकिनारा, शनिवारी एमसीजी, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंड, आणि तिथून थेट विमानतळ. त्यांचं म्हणणं असं की एवढा खर्च करून चाललोय, पुन्हा कुठे येणं होणार, तेव्हा सगळं बघूनच यायचं. पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंत, ‘मला एखाद्या बाकावर बसून शहर बघावंसं वाटतं. हे म्हणणं चुकीचं आहे का?’

अजिबात चुकीचं नाही. मी मेलबर्नमध्ये काही वर्षं राहिले आहे, त्यामुळे हे खात्रीने सांगते: ते शहर बसून बघायचंच आहे. सिडनीसारखं एका दृष्टिक्षेपात डोळ्यांत भरणारं तिथे काही नाही. ते गल्ल्यांतून, ट्रामच्या खिडकीतून, नदीकाठच्या बाकावरून हळूहळू कळतं. यजमानांच्या कार्यक्रमात तुम्ही मेलबर्नमध्ये झोपायला याल आणि दिवसभर बसमध्ये असाल. शहरच राहून जाईल.

म्हणून माझा मुख्य सल्ला एकच. चार रात्रींत शहराबाहेरची सहल एकच करा. दुसरी नको, कितीही स्वस्तात मिळाली तरी नको.

ती कोणती, यावर घरी वाद होईल, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ग्रेट ओशन रोड खरोखर देखणा आहे. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी 1919 ते 1932 या काळात तो कुदळ-फावड्यांनी खोदून काढला, आपल्या मेलेल्या सोबत्यांचं स्मारक म्हणून. जवळजवळ 240 किलोमीटरचा रस्ता हेच स्मारक, ही कल्पनाच मला फार मोठी वाटते. पण त्यावरचे ट्वेल्व्ह अपॉसल्स, म्हणजे समुद्रात उभे असलेले चुनखडीचे सुळके, गाठायचे तर मेलबर्नहून आतल्या सरळ रस्त्यानेही ते पावणेतीन-तीन तासांवर आहेत, आणि किनाऱ्याकिनाऱ्याने गेलं तर त्याहून बरेच जास्त. एका दिवसाच्या बस सहलीला बारा तास सहज लागतात. त्यातही लॉर्न ते अपोलो बे हा सगळ्यात सुंदर पट्टा म्हणजे एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये वळणावर वळण. ज्याला गाडी लागते त्याने तिथे डोळे मिटून बसायचं आणि उरलेल्यांनी बघायचं! त्या सुळक्यांतला एक 2005 साली कोसळला, समुद्र ते रोज झिजवतो आहे, तेव्हा ‘आत्ताच बघायला हवेत’ असं यजमान म्हणतील. म्हणू देत. खाली वाळूवर उतरायच्या गिब्सन स्टेप्सना ऐंशीच्या वर पायऱ्या आहेत, त्या त्यांच्या गुडघ्यांना झेपणार नाहीत. मग वरच्या सज्जावरून पंधरा-वीस मिनिटं बघायचं आणि पुन्हा बसमध्ये चढायचं. तुमच्या दोघांच्या प्रकृतीला हा सौदा परवडणारा नाही.

फिलिप आयलंड साधारण 140 किलोमीटर, दोन तास. रस्ता बहुतेक सपाट आणि सरळ. दुपारी शहरातून निघणाऱ्या सहली मिळतात, म्हणजे सकाळी घाईने उठायला नको. मात्र परत यायला रात्रीचे अकरा वाजतील हे धरून चाला. म्हणूनच ही सहल गुरुवारी ठेवा. शुक्रवार उशिरा उठायला मोकळा राहील आणि शनिवारच्या विमानाची धाकधूक नको.

तिथे काय दिसतं? सूर्य बुडाला की समरलँडच्या किनाऱ्यावर लिटल पेंग्विन समुद्रातून बाहेर येतात. उंची जेमतेम एक फूट, वजन किलोभर. एकटा कुणी येत नाही. पाण्याच्या कडेला पाच-दहा जणांचा घोळका गोळा होतो, एखादा पुढे येऊन अंदाज घेतो, काही खुट्ट झालं की सगळे परत लाटेत. पुन्हा येतात, पुन्हा थबकतात, आणि मग एकदम धीर करून अख्खी वाळू ओलांडून टेकडीवरच्या आपापल्या बिळांकडे डुलत डुलत धावतात. या टेकडीवर पूर्वी माणसांची घरं होती, अख्खी वसाहत होती. पेंग्विन कमी होत चालले तेव्हा तिथल्या सरकारने 1985 पासून एकेक घर मालकांकडून विकत घेतलं, पाडलं आणि जमीन पक्ष्यांना परत दिली. हे काम पंचवीसेक वर्षं चाललं. तिथे बसाल तेव्हा हे यजमानांना नक्की सांगा. माणसांनी माघार घेऊन जागा सोडल्याची उदाहरणं जगात फार नाहीत.

दोन गोष्टी मात्र आधीच माहीत असू द्या. एक, तिथे फोटो काढायला सक्त बंदी आहे, मोबाईलनेसुद्धा, कारण फ्लॅशने ते बिथरतात. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ‘पेंग्विनचे फोटो कुठे?’ असं सगळे विचारत बसतील. दोन, बसायला उघड्यावरच्या पायऱ्या असतात आणि समोर दक्षिणेचा समुद्र. मार्चमध्येसुद्धा अंधार पडल्यावर वारा हाडांत शिरतो. स्वेटर, कानटोपी, वर वाऱ्याचं जाकीट आणि खाली अंथरायला जाडशी चादर न्याच. पेंग्विनच्या वाटेलगतच्या सज्जाचं ‘पेंग्विन प्लस’ नावाचं तिकीट महाग असतं, पण अगदी जवळून दिसतात. परवडत असेल तर तेच घ्या. जागा मोजक्या असतात, तेव्हा विमानाचं तिकीट झालं की लगेच याचं काढा.

पफिंग बिलीबद्दल. 1900 साली सुरू झालेली ही कोळशाची छोटी गाडी डँडेनाँगच्या डोंगरात नेच्यांच्या रानातून जाते, माणसं खिडकीच्या कठड्यावर बसून पाय बाहेर सोडतात. गोड प्रकार आहे. पण माथेरानच्या गाडीत बसलेल्या माणसाने यासाठी चारांतला एक दिवस द्यावा असं मला वाटत नाही. यारा व्हॅली द्राक्षाच्या मळ्यांची आणि वाईनची. नाशिकच्या माणसांना त्याचं काय अप्रूप! खुशाल गाळा.

आता शहर. हॉटेल घेताना एकच अट पाळा: ते फ्री ट्राम झोनमध्ये हवं. मेलबर्नच्या मध्यवर्ती भागात ट्राम फुकट आहे, कितीही वेळा चढा-उतरा. फ्लिंडर्स स्ट्रीट किंवा सदर्न क्रॉस स्टेशनच्या आसपास राहिलात तर पाय दुखले की पुढच्या थांब्यावर चढायचं, इतकं सोपं होतं. या भागाबाहेर जायचं असेल, म्हणजे बोटॅनिक गार्डन किंवा सेंट किल्डाला, तर मात्र मायकी नावाचं कार्ड लागतं. ते सेव्हन-इलेव्हनच्या दुकानात मिळतं. ट्राममध्ये चढल्यावर ते यंत्राला लावायचं, उतरताना लावायची गरज नाही. फुकट भाग संपत आला की गाडीत तशी सूचना देतात, तिकडे लक्ष असू द्या. तपासनीस खरोखर येतात आणि दंड जबर असतो. ज्येष्ठ नागरिकांची सवलत आपल्याकडच्या ओळखपत्रावर मिळेल असं धरून चालू नका.

गुडघ्यांसाठी एक बारीकशी गोष्ट. जुन्या ट्रामना उंच पायऱ्या असतात. पर्यटकांची आवडती सिटी सर्कल, म्हणजे 35 नंबरची लाल जुनी ट्राम, त्यातलीच. नव्या गाड्यांचा तळ फलाटाच्या पातळीला असतो. थांब्यावरच्या फलकावर कोणती येतेय ते दिसतं. पायऱ्यांची आली तर सोडून द्या, मागून दुसरी येतेच. आणि ट्राम रस्त्याच्या मधोमध थांबते, तेव्हा उतरताना आधी डावीकडे बघा. गाड्यांनी थांबायचा नियम आहे आणि बहुतेक थांबतातही, तरी बघा. शहरात काही चौकांत उजवीकडे वळणारी गाडी आधी पार डाव्या कडेला जाऊन उभी राहते, ट्रामला वाट देण्यासाठी. ते पाहून गोंधळू नका. आणि यजमानांच्या मनात भाड्याची मोटार घ्यायचं असेल तर याच कारणासाठी शहरात नको म्हणा.

मंगळवारी दुपारी पोहोचाल. विमानतळावरून शहरात रेल्वे नाही. स्कायबस सदर्न क्रॉसला आणून सोडते. त्या दिवशी फक्त फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनसमोर जा. 1910 सालची ती पिवळी घुमटाची इमारत, आणि दारावर ओळीने लावलेली घड्याळं. मेलबर्नची माणसं पिढ्यान्‌पिढ्या ‘घड्याळांखाली भेटू’ म्हणत आलीत. तुम्हीही तेच ठरवून टाका: चुकामूक झाली तर घड्याळांखाली यायचं. तिथून पूल ओलांडला की साउथबँक, यारा नदीचा सपाट, रुंद काठ. नदी गढूळ आहे, त्याने हिरमुसू नका. तिथल्या मूळच्या वुरुंजेरी लोकांची ती बिररंग. या काठावर बाकं आहेत, ताई. संध्याकाळी ऑफिसं सुटतात, सायकली जातात, वल्ह्यांच्या लांबट होड्यांतून पोरं सराव करत असतात. तुमचा बाक इथला.

बुधवारी सकाळी एमसीजी. यजमानांसाठी हा दिवस मोठा आहे, तो शनिवारच्या घाईत कोंबू नका. फ्लिंडर्स स्ट्रीटहून बिररंग मार बागेतून आणि पुढे विल्यम बराक पुलावरून चालत गेलं तर वीस-पंचवीस मिनिटं, जवळजवळ सपाट. नाहीतर ट्राम आहेच. ज्या दिवशी सामना नसतो त्या दिवशी मैदानाची फेरी असते. मार्चमध्ये त्यांच्या फुटबॉलचा हंगाम सुरू होतो, म्हणून तारीख पाहून घ्या. चालणं बरंच आहे. जिने टाळायचे असतील तर नोंदणी करतानाच सांगा.

जगातली पहिली कसोटी 1877 च्या मार्चमध्ये इथे खेळली गेली, पहिला एकदिवसीय सामना 1971 च्या जानेवारीत. एक लाख माणसांचं ते मैदान रिकामं असताना त्यात उभं राहिलं की छाती दडपते. तिथे शतकवीरांच्या नावांचा सन्मानफलक आहे. त्यावर विनू मांकड दोनदा आहेत, आणि आपला अजिंक्य रहाणेही दोनदा, 2014 आणि 2020. दुसरं शतक भारत ॲडलेडला 36 धावांत गारद झाल्यानंतरच्या लगेचच्या कसोटीत, कर्णधार विराट कोहली घरी परतलेला असताना. त्या सामन्यात रहाणेला पहिलंवहिलं जॉनी मुल्लघ पदक मिळालं. हा मुल्लघ 1868 साली इंग्लंडचा दौरा केलेल्या आदिवासी संघातला खेळाडू. तुम्हाला क्रिकेटची आवड नाही असं लिहिलंत, पण ही फेरी त्यांच्याबरोबर करा. एमसीजीवर दोन तास तुम्ही त्यांच्यासाठी द्या, बाकावरचे दोन तास ते तुमच्यासाठी देतील.

त्या दुपारी नॅशनल गॅलरीत शिरा, सेंट किल्डा रोडवरच्या. कायमचा संग्रह बघायला पैसे पडत नाहीत. दारातच काचेवरून पाणी वाहत असतं आणि आत ग्रेट हॉलचं अख्खं छत रंगीत काचांचं आहे. लोक बेधडक जमिनीवर आडवे होऊन वर बघतात, कुणी काही म्हणत नाही. तुम्हीही टेकून घ्या.

गुरुवारी सकाळ रिकामी ठेवा, दुपारी पेंग्विन.

शुक्रवारी सकाळी क्वीन व्हिक्टोरिया मार्केट, 1878 पासूनची मंडई. सोमवार-बुधवार बंद असते, शुक्रवार चालतो. मटण-मासळीचा भाग वेगळा आहे, तो सहज टाळता येतो. फळांच्या गाळ्यांपाशी जा. मार्चमध्ये तिथे शरद ऋतू लागतो, प्लम, अंजिरं, नवी सफरचंदं येतात. पालक-चीजचं गरम बोरेक, म्हणजे सारण भरलेली तुर्की पोळी, घ्या, एकाचं दोघांना पुरतं. तिथून फुकटच्या ट्रामने स्टेट लायब्ररी. ग्रंथालय काय बघायचं असं यजमान म्हणतील, तरी न्याच. 1913 साली बांधलेला अष्टकोनी घुमट, खाली चाकाच्या आऱ्यांसारखी मध्यापासून पसरलेली लाकडी टेबलं, प्रत्येकावर हिरव्या झाकणाचा दिवा, आणि अभ्यास करणारी पोरं. लिफ्टने वरच्या सज्जांत जाऊन खाली बघता येतं. कुणीही जावं, बसावं, वाचावं; पैसे नाहीत, ओळखपत्र नाही. सामान्य माणसासाठी एवढं सुंदर काही बांधावं असं एखाद्या शहराला वाटलं, याचा मला दर वेळी आनंद होतो. संध्याकाळी ब्लॉक आर्केड, रॉयल आर्केड आणि डेग्रेव्हज स्ट्रीटच्या गल्ल्या. पण चहा-कॉफीची दुकानं बरीचशी दुपारी तीन-चारला बंद होतात, तेव्हा कॉफी आधी उरका.

शनिवारी विमान संध्याकाळचं असेल तर सामान हॉटेलात ठेवून सकाळी बोटॅनिक गार्डन. तळं, काळे हंस, आणि बसायला हवी तेवढी हिरवळ.

खाण्याची काळजी करू नका, फक्त एक लक्षात ठेवा. तिथे ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं तरी त्यात अंडं असू शकतं. तुम्हाला चालत नसेल तर प्रत्येक वेळी स्पष्ट विचारा. चाय लाटे नावाचं जे मिळतं ते आपला चहा समजून मागवू नका, मसाल्याचं गोड दूध असतं. म्हणूनच छोटं स्वयंपाकघर असलेली सर्व्हिस अपार्टमेंटची खोली घ्या, हॉटेलपेक्षा फारशी महाग पडत नाही. लेकीकडून मुगाची डाळ, तांदूळ, चहा पावडर न्या. पेंग्विन बघून रात्री अकराला थंडीने कुडकुडत आल्यावर मऊ खिचडीचे दोन घास मिळाले तर दुसरं काही नको वाटेल.

खाण्यावरून आणखी एक. नाशिकहून निघताना लेकीसाठी डबे भराल, ते आईचं मन आहे. पण ऑस्ट्रेलियात उतरताना खाण्याची प्रत्येक वस्तू अर्जावर लिहावीच लागते. पेढे, बर्फी अशी दुधाची मिठाई, ताजी फळं, बिया नेऊ नका. बाकीचं जे न्याल ते जाहीर करा. जाहीर केलेलं फार तर काढून घेतात, लपवलेलं सापडलं तर मोठा दंड होतो. औषधं मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवा. प्रवास विमा घेतल्याशिवाय निघूच नका, तिथला दवाखाना खिसा रिकामा करतो.

कपडे ठरवताना हवेचा अंदाज सकाळी पाहा, पण त्यावर विसंबू नका. उत्तरेचा गरम वारा थांबून दक्षिणेचा सुटला की तासाभरात दहा-पंधरा अंशांनी पारा उतरतो. एकावर एक घालता येतील असे कपडे, शिवाय टोपी. तिथलं ऊन ढगाळ दिवशीही भाजतं.

मार्चचा कोणता आठवडा ते तुम्ही लिहिलं नाहीत. आल्बर्ट पार्कला फॉर्म्युला वनची शर्यत याच महिन्यात असते आणि त्या दिवसांत हॉटेलचे दर आभाळाला भिडतात. ती तारीख पाहून पुढचा किंवा मागचा आठवडा धरा. आणि घड्याळ! ब्रिस्बेनला उन्हाळी वेळ पाळत नाहीत, मेलबर्नला पाळतात, एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत. म्हणजे मेलबर्न एक तास पुढे. मोबाईल आपोआप बदलेल, यजमानांचं मनगटी घड्याळ बदलणार नाही. एमसीजीची फेरी आणि परतीचं विमान दोन्ही याने चुकू शकतं.

लेक काळजी करते, ‘दोघंच कसे जाणार’ म्हणते, असं लिहिलंत. तिला हा कार्यक्रम पाठवा, हॉटेलचा पत्ता द्या, रोज रात्री नऊला फोन करायचं ठरवा. गुरुवारी बसमध्ये असाल, त्या दिवशी फोन नऊऐवजी निघताना करा, नाहीतर ती उगाच जागत बसेल. आणि पेंग्विनची तिकिटं तिलाच काढायला सांगा. रजा मिळत नाही याची तिला खंत आहे, तुमच्यासाठी काहीतरी केल्याचं तिला समाधान मिळू द्या.

तुमची,
सल्लागार ताई